मत कोणाला, कमिट कोणाला?

ताई, नमस्कार.

मी पुण्यात नोकरी करतो. सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या एका मित्राबरोबर पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायचा, सगळ्यांसाठी खुला कोड) सुरू केली. भारतीय भाषांमध्ये आकडे, तारखा आणि रुपयांच्या रकमा बरोबर छापायच्या, एवढंच तिचं काम. आज ती बऱ्याच ठिकाणी वापरली जाते आणि मी एकटा रात्री जागून लोकांचे पॅच, म्हणजे त्यांनी सुचवलेले कोडमधले बदल, तपासतो. मित्र तीन वर्षांत फिरकलेला नाही, पण त्याचे सगळे अधिकार शाबूत आहेत. सध्या सर्वांत जास्त पॅच एका कंपनीतले चार इंजिनिअर पाठवतात. त्यांच्या मॅनेजरची मेल आली आहे की काम आमचंच जास्त असल्यामुळे आमच्या दोघांना कमिट अ‍ॅक्सेस (कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार) आणि निर्णयात मत हवं. एक मुलगा आहे, हुशार आणि उत्साही. तो दर आठवड्याला विचारतो, मला कमिट कधी? आणि एक बाई आहेत. त्यांनी कोडची एकही ओळ लिहिलेली नाही, पण सगळं डॉक्युमेंटेशन त्यांचं, मराठी आणि कन्नड भाषांतरं त्यांची, लोकांच्या अर्ध्याअधिक प्रश्नांना उत्तरंही त्याच देतात. परवा त्यांनी विचारलं, "पुढच्या व्हर्जनमध्ये काय बदलायचं हे ठरवताना मला का नाही विचारलंत?" मला काही सांगताच आलं नाही. सगळ्यांना सगळं दिलं तर गोंधळ होईल, कोणालाच काही दिलं नाही तर मी टिकणार नाही. काय करू?

एक मेंटेनर, पुणे

नमस्कार,

बाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की बाकीचे बरेचसे सुटतात. त्यांना मत द्या. याच महिन्यात द्या.

तुम्ही अडकला आहात ते एका समजुतीपायी. ज्याला कोड मर्ज करता येतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळता येतो, त्यालाच मत, आणि मत द्यायचं तर कमिटही द्यावं लागणार, असं तुम्ही धरून चालला आहात. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर एक आमंत्रण पाठवलं की माणूस आत येतो, त्यामुळे छोट्या प्रकल्पांत हे दोन्ही हक्क एकदमच वाटले जातात. पण ते एकत्र असायचं काही कारण नाही. हाउसिंग सोसायटीत पंपाच्या खोलीची चावी पंप चालवणाऱ्याकडे असते, आणि नवी टाकी बांधायची की नाही हे सभासद ठरवतात. चावी आहे म्हणून त्याला मत मिळत नाही आणि मत आहे म्हणून कोणी सभासद चावी मागायला जात नाही.

डेबियनवाल्यांनी हे फार नीट केलं आहे. १९९३ मध्ये सुरू झालेलं हे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं वितरण, आणि १९९८ पासून त्यांची स्वतःची लिखित घटना आहे. डेव्हलपर म्हणजे पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअर) बांधून अपलोड करणारा आणि मत त्यालाच, असा तिथला जुना हिशोब. २००७ मध्ये त्यांनी सर्वसाधारण ठराव करून 'डेबियन मेंटेनर' असा वेगळा दर्जा मान्य केला. या माणसाला ठरावीक पॅकेजं स्वतः अपलोड करता येतात, मत मात्र नाही. २०१० मध्ये आणखी एक ठराव झाला आणि त्याने नेमकी उलटी बाजू मोकळी केली. भाषांतर करणारे, डॉक्युमेंटेशन लिहिणारे, पॅकेजिंगशी संबंध नसलेले लोक पूर्ण सभासद होऊ शकतात. प्रकल्पाचा नेता निवडताना त्यांचं मत इतर कोणाही डेव्हलपरएवढंच मोजलं जातं, फक्त पॅकेजं अपलोड करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. सुमारे हजार सभासदांचा प्रकल्प या व्यवस्थेवर इतकी वर्षं चालला आहे.

बाईंचं मत हा त्यांच्या कष्टांचा मोबदला आहे असं समजू नका. त्यांच्याकडे जी माहिती आहे ती तुमच्यापैकी कोणाकडेच नाही. समजा पुढच्या व्हर्जनमध्ये काही न सांगता १२३४५६७ हा आकडा १,२३४,५६७ ऐवजी १२,३४,५६७ असा छापायचा असं तुम्ही ठरवलंत. तुमच्यासाठी ती एका डीफॉल्टची अदलाबदल. पण कोणाची बिलं या लायब्ररीतून छापली जातात, कोण अजून जुन्या व्हर्जनवर अडकलं आहे, कोणत्या पानावरचं उदाहरण लोक जसंच्या तसं चिकटवतात, हे प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माणसाला माहीत असतं. बदल झाला की डॉक्युमेंटेशनचं पान न् पान तीच व्यक्ती दुरुस्त करणार आणि चिडलेले निरोपही तीच वाचणार. जो सातत्याने काम करतो आणि निर्णयाचे परिणाम स्वतः निस्तरतो, त्याला मत. माझी कसोटी एवढीच आहे. तिच्यात कोडच्या ओळी येत नाहीत, आणि नुसतं लायब्ररी वापरणंही येत नाही.

आता यातली यंत्रणा. रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं भांडार, अजून तुमच्या वैयक्तिक खात्यात असेल तर ती आधी गिटहबच्या ऑर्गनायझेशनमध्ये हलवा, कारण वैयक्तिक खात्यात मालक आणि सहयोगी एवढे दोनच प्रकार मिळतात. ऑर्गनायझेशनमध्ये 'ट्रायाज' नावाची भूमिका आहे. तिच्यात लेबलं लावता येतात, इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, बंद करता येतात, काम कोणाकडे सोपवायचं ते ठरवता येतं, पण कोड पुश करता येत नाही. बाईंना निदान ही भूमिका उद्याच मिळायला हवी. डॉक्युमेंटेशनचं फोल्डर पूर्ण त्यांच्या ताब्यात द्यायचं असेल, आणि द्यावं असं मला वाटतं, तर कोडओनर्स फाईलमध्ये (कोणत्या भागाला कोणाची मंजुरी लागते ते तिच्यात लिहितात) त्या फोल्डरपुढे त्यांचं नाव घाला. त्यासाठी त्यांना राइट (कोड बदलण्याचा) अधिकार द्यावा लागेल. म्हणून मुख्य ब्रँचवर, म्हणजे कोडच्या अधिकृत प्रतीवर, आधी संरक्षण लावा की ज्या भागाचे जे कोडओनर, त्यांच्या मंजुरीशिवाय त्या भागात काहीही मर्ज होणार नाही. मग त्या डॉक्युमेंटेशनच्या बाबतीत शेवटचा शब्द ठरतील आणि तुमच्या मूळ कोडला कोणाचा चुकून हात लागणार नाही.

मत कशावर घ्यायचं हेही ठरवून ठेवा, नाहीतर महिन्याभरात प्रत्येक व्हेरिएबलच्या नावावर मतदान व्हायला लागेल. अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारी अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था १९९९ पासून आहे आणि तिथले नियम बहुतेकांनी थोडेफार उचललेले आहेत. मला त्यांतले दोन विशेष पटतात. कोडमधल्या बदलाला हक्काचं मत असलेल्या एकानेही उणे एक, म्हणजे नकार, दिलं तर तो बदल थांबतो, पण त्याबरोबर तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसेल तर नकार धरला जात नाही. "मला हे आवडत नाही" हे कारण झालं नाही. "याने जुन्या बिलांवरच्या रकमा वेगळ्या दिसतील" हे झालं. दुसरा नियम रिलीजचा, म्हणजे नवं व्हर्जन प्रसिद्ध करण्याचा. प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीतल्या किमान तिघांनी होकार द्यायला हवा आणि होकार नकारांपेक्षा जास्त हवेत, पण एकट्याच्या नकाराने रिलीज अडत नाही. बाकी कोणीही आपलं मत नोंदवू शकतं. ते मोजणीत धरत नाहीत, वाचतात मात्र सगळे. साधारणपणे ७२ तास मतदान खुलं ठेवतात, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला माणूस किंवा आठवडाभर नोकरीत पिचलेला माणूस सुटत नाही.

तुमच्याएवढ्या प्रकल्पात मतदान अगदी मोजक्या गोष्टींवर ठेवा: नवा सभासद घेणं किंवा काढणं, जुनं वर्तन मोडणारा बदल, लायसन्स, आणि कधी पैसे आलेच तर ते. एरवी प्रस्ताव मांडा, आठवडाभर थांबा, कोणाची हरकत आली नाही तर पुढे चला.

कंपनीचा प्रश्न मॅनेजरने मांडला आहे तसा घेऊच नका. "आमच्या दोघांना" हे शब्दच चुकीचे आहेत. हक्क माणसाला द्यायचा असतो, कंपनीच्या जागेला नाही. अपाचीत कमिटर ही व्यक्ती असते. तिने नोकरी बदलली तरी तिचे अधिकार तिच्याबरोबर जातात आणि तिच्या जागी आलेल्या माणसाला आपोआप काहीही मिळत नाही. मॅनेजरला हे सौम्यपणे पण स्वच्छ लिहा. लिहिताना त्यांच्या कामाचे आभार मनापासून माना, कारण पगारी वेळ देऊन कोणी तुमची लायब्ररी सुधारत असेल तर ती लहान गोष्ट नाही.

मग त्या चौघांकडे बघा आणि एक माणूस तुम्ही निवडा. सर्वांत जास्त पॅच कोणाचे हे बघत बसू नका. आपल्या कंपनीला गरज नसलेल्या गोष्टीतही कोण डोकं घालतं, अनोळखी माणसाचा पॅच वाचून त्याला नीट उत्तर कोण देतं, ते शोधा. असा एक जण बहुतेक वेळा सापडतो. त्याला कमिट द्या, मतही द्या. आणि हे सगळे नियम एका फाईलमध्ये लिहून ठेवा, तिच्यात दोन ओळी घाला. पहिली, कोणत्याही एका कंपनीतल्या लोकांची मतं एकूण मतांच्या निम्म्यापर्यंत पोचता कामा नयेत. दुसरी, एका कंपनीतल्या माणसाचा पॅच फक्त त्याच कंपनीतल्या सहकाऱ्याच्या मंजुरीवर मर्ज होणार नाही. ही दुसरी ओळ लोक विसरतात, आणि ताबा सरकतो तो तिथूनच. कोणाच्या मनात काही वाईट नसतं. आठ तास शेजारी बसणारी माणसं एकमेकांचे पॅच पटापट मंजूर करतात, आणि वर्षभराने लायब्ररीची दिशा त्यांच्या ऑफिसातल्या बैठकीत ठरायला लागते.

असे नियम मोठ्यांनाही करावे लागले आहेत. पायथनच्या पाच जणांच्या स्टिअरिंग काउन्सिलमध्ये एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कोअर टीममध्ये एका कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक नसावेत असा जुना अलिखित संकेत होता. २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतली, वेगवेगळ्या घरचे सभासद रातोरात एका घरचे झाले आणि संकेत मोडला. मग टीमने दोन नवे सभासद घेऊन तोल सावरला. त्यांतले एक आंद्रेस फ्रॉइंड. हे नाव लक्षात ठेवा.

२०२४ च्या मार्चमधलं एक्सझेडचं प्रकरण तुम्ही हॅकिंगची बातमी म्हणून वाचलं असेल. आता ते मेंटेनरची गोष्ट म्हणून वाचा. एक्सझेड म्हणजे फाईल दाबून लहान करणारं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता. २०२१ मध्ये जिया टॅन या नावाने कोणीतरी पॅच पाठवायला लागलं, आणि पॅच चांगले होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी मेलवर तगादा सुरू केला की पॅच पडून का राहतात, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. मेंटेनरने उत्तरात आपल्या मानसिक आरोग्याच्या दीर्घकाळच्या त्रासाबद्दल लिहिलं, हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे याचीही आठवण करून दिली. त्या उत्तराला जो प्रतिसाद मिळाला तो वाचताना मला अजूनही राग येतो. टप्प्याटप्प्याने जिया टॅनला कमिटचा आणि मग रिलीज काढण्याचा अधिकार मिळाला. २०२४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ ही व्हर्जनं बाहेर पडली तेव्हा त्यांत बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, बसवलेलं होतं. घातक कोड चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाईलींत दडवला होता, आणि तो कामाला लावणारा बिल्ड स्क्रिप्टचा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये, नव्हताच, तो फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोड करायच्या गठ्ठ्यात) होता. फ्रॉइंड स्वतःच्या वेगळ्याच चाचण्या घेत होते. एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकावर सुरक्षित शिरण्याची सोय) नेहमीपेक्षा जास्त सीपीयू खातंय आणि सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय हे त्यांना खटकलं, ते खोदत गेले आणि २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं.

तुमच्या त्या उत्साही मुलावर संशय घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. दर आठवड्याला विचारतो तो बहुधा नोकरीच्या अर्जावर कमिटर म्हणून लिहिता यावं म्हणून, आणि त्यात गैर काही नाही. मला काळजी तुमची आहे. तुमचं पत्र थकलेल्या माणसाचं आहे, आणि थकलेला माणूस समोर जो उभा असेल त्याच्या हातात सगळं देऊन मोकळा होतो. अधिकार द्यायचे ते तगाद्याने नाहीत आणि थकव्यानेही नाहीत. कशाच्या आधारावर देणार ते आधी लिहून ठेवा आणि त्या मुलाला तेच वाचायला द्या. दर आठवड्याचा प्रश्न तिथेच थांबेल.

ठरवताना त्याच्या मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टपेक्षा (माझा बदल मर्ज करा अशा विनंत्यांपेक्षा) नाकारलेल्या उघडून बघा. नकार मिळाल्यावर त्याने काय लिहिलं? त्याच्या बदलाने कन्नड तारखा बिघडल्या असतील तर तो स्वतःहून परत आला का, की तुम्हालाच निस्तरावं लागलं? "हा भाग मला कळत नाही, दुसऱ्या कोणाला विचारा" असं तो कधी म्हणाला आहे का? कमिट मिळालेला माणूस रोज जे काही करतो त्यात कोड लिहिणं थोडं आणि थांबणं जास्त असतं. या प्रश्नांची उत्तरं बरी आली तर त्याला कमिट द्या, पण फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची पद्धत लावा. तिथे नव्या कमिटरला एक मार्गदर्शक नेमून दिलेला असतो, आणि सुरुवातीच्या काळात त्याचा प्रत्येक कमिट त्या मार्गदर्शकाच्या मंजुरीनेच जातो. मत त्याला लगेच देऊ नका. वर्षभर काम बघा, मग सभासदांचं मत घ्या. पायथनमध्ये नवा कोअर डेव्हलपर घ्यायला दोन तृतीयांश होकार लागतात, तोच आकडा तुम्हीही ठेवा.

एक्सझेडमधला दुसरा मुद्दा तुमच्या पत्रात आलेलाच नाही, आणि मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. कमिट आणि मत यांच्या जोडीला एक तिसरा अधिकार आहे, रिलीज प्रसिद्ध करण्याचा. लोक तुमचा कोड गिटहबवर वाचत नाहीत, ते पिप इन्स्टॉल करतात, म्हणजे पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक साठ्यातून तयार लायब्ररी उतरवतात. मुख्य ब्रँचवर कितीही पहारा असला आणि पायपीआयवर दोन माणसांना मनाला येईल तेव्हा काहीही चढवता येत असलं तर तो पहारा काय कामाचा? पायपीआयचा ट्रस्टेड पब्लिशिंगचा मार्ग लावा, म्हणजे रिलीज थेट रिपॉझिटरीतल्या ठरलेल्या वर्कफ्लोतून (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांतून) जाईल आणि कोणाच्या लॅपटॉपवर टोकन, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, पडून राहणार नाही. त्या वर्कफ्लोला असं एन्व्हायर्नमेंट (गिटहबवरची एक सेटिंग) जोडा की दुसऱ्या माणसाने मंजुरी दिल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही. स्वतःची रिलीज स्वतःच मंजूर करण्याची मुभा बंद ठेवा, स्वतःलाही. जुनी टोकनं शोधून रद्द करा.

मग मित्राकडे वळा, कारण पायपीआयवर तोही मालक असणार. तीन वर्षं न उघडलेलं खातं ही खरी जोखीम आहे. पण अधिकार गुपचूप काढू नका. फोन करा. त्याला सांगा की रीडमीमध्ये संस्थापक म्हणून तुझं नाव कायम राहील आणि परत यावंसं वाटलं तर दार उघडं आहे, अधिकार मात्र काम सुरू असेपर्यंतच. फ्रीबीएसडी दीर्घकाळ निष्क्रिय राहिलेल्यांचे कमिट अधिकार काढून घेतं आणि त्यांची नावं माजी कमिटरांच्या यादीत सन्मानाने ठेवतं. अपाचीत उलट मत आहे, एकदा कमावलेली योग्यता संपत नाही असं ते मानतात. मान कायम ठेवायला माझीही हरकत नाही. पासवर्ड कायम ठेवायला आहे. फाईलमध्ये सगळ्यांसाठी एकच नियम लिहा, वर्षभर काही हालचाल नसेल तर अधिकार स्थगित, विचारल्यावर परत. म्हणजे हा मित्राविरुद्धचा निर्णय राहत नाही.

राहता राहिलात तुम्ही. पायथनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी २०१८ च्या जुलैमध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला, एका भाषाबदलावरून झालेल्या दीर्घ वादानंतर, आणि वारस नेमला नाही. पुढे कसं चालायचं हे कोअर डेव्हलपरांनी स्वतः ठरवलं. वेगवेगळे सात प्रस्ताव समोर होते, डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि निवडून दिलेल्या काउन्सिलचा प्रस्ताव जिंकला. पहिल्या काउन्सिलवर ते स्वतःही निवडून आले, पाचांतले एक म्हणून, एका मताचे. तुम्ही थकून कोसळण्याची वाट बघू नका. तुमचा नकाराधिकार आत्ता ठेवा, पण त्याला तारीख लावा. पुढच्या गुढीपाडव्यापासून तुमचं मत इतरांएवढंच, असं फाईलमध्ये लिहून टाका. तुमच्या पुल रिक्वेस्टही आजपासून दुसऱ्या कोणाच्या मंजुरीनेच मर्ज होऊ द्या. त्याने काम जरा मंदावेल. पण रात्री बारानंतर तुम्हीच लिहिलेला आणि तुम्हीच मंजूर केलेला कोडही कमी होईल.

तेव्हा सुरुवातीला मतं तीन: तुमचं, बाईंचं आणि कंपनीतल्या त्या एका माणसाचं. तो मुलगा वर्षाने चौथा होईल, आणि तोपर्यंत पाचवंही कोणीतरी दिसायला लागेल. चार असताना कधी मतं समसमान पडली, तर प्रस्ताव पडला असं धरा आणि जुनं वर्तन आहे तसं राहू द्या. रकमा छापणाऱ्या लायब्ररीत तेच बरं.